अमक्याचा डबा : संगणकाच्या भाषेतील षष्ठी

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या भाषेवर लेख लिहावा, ही गोष्ट काही वाचकांना खटकण्याचा संभव आहे. हा प्रांत विज्ञानशाखेचा, त्यात आपण कशाला लुडबूड करावी, असे प्रथम मलाही वाटत होते. परंतु कौशल्य अभ्यासक्रमात पायथॉन ही संगणकीय भाषा शिकत असताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ज्या प्रश्नावर या भाषेचे जाणकार गेली दहा-बारा वर्षे खल करीत आहेत, तो प्रश्न मुळात व्याकरणाचा आहे. मनात गृहीत धरलेली गोष्ट कागदावर केव्हा लिहावी, ती कोणत्या रूपात लिहावी आणि लिहिल्यावर ती वाचण्याची जबाबदारी कोणाची, असा तो प्रश्न आहे. व्याकरण आणि लेखी शब्दाचे मोल हे दोन्ही विषय आपल्या शाखेचेच आहेत. म्हणून हे धाडस.

प्रकार कोणाचा : डब्याचा की जिन्नसाचा?

संगणकाला दिलेल्या सूचनांच्या मालिकेस आपण आज्ञावली किंवा प्रोग्राम म्हणतो. आज्ञावलीत जी माहिती फिरत असते, ती प्रत्येक माहिती कोणत्या ना कोणत्या प्रकारची असते. ५६ हा पूर्णांक आहे, ५६.५ हा दशांश अपूर्णांक आहे आणि 'गैरहजर' ही अक्षरमाला आहे. प्रकाराला एवढे महत्त्व कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, एकाच क्रियेचा अर्थ प्रकारागणिक बदलतो. पूर्णांक २ आणि पूर्णांक ३ यांची बेरीज ५ होते. परंतु तेच २ आणि ३ अक्षरे म्हणून दिली, तर पायथॉन ती एकापुढे एक जोडून '२३' करते. आणि एक पूर्णांक व एक अक्षरमाला दिली, तर ती काम थांबवून तक्रार करते. जावास्क्रिप्ट ही भाषा मात्र अशा वेळी तक्रार न करता दोन्ही जोडून टाकते, हे निराळे.

आता हा प्रकार कोठे नोंदवायचा, यावरून संगणकीय भाषांचे दोन संप्रदाय पडतात. आपण बीजगणितात 'क्ष' हे चल घेतो, तसे आज्ञावलीतही चल असतात. त्यांना आपण डबे म्हणू. सी, जावा यांसारख्या भाषांत डब्यावरच लिहावे लागते की, यात पूर्णांकच राहील. दुसरे काही घालू गेल्यास आज्ञावली चालू होण्यापूर्वीच तिला अडविले जाते. या भाषांना स्थितिक म्हणता येईल. पायथॉन, जावास्क्रिप्ट, रुबी या भाषा गतिक आहेत. त्यांत डब्यावर काहीच लिहिलेले नसते. चिठ्ठी असते ती आतल्या जिन्नसाला. ५६ या संख्येला स्वतःला ठाऊक असते की आपण पूर्णांक आहोत, पण ती ज्या डब्यात बसली आहे त्या डब्याला त्याचे काही नसते. सकाळी त्यात संख्या ठेवा, दुपारी अक्षरमाला ठेवा, डबा कुरकुरत नाही.

गतिक भाषांना प्रकारच नसतात असा एक समज आहे. तो बरोबर नाही. प्रकार असतात आणि ते कडकही असू शकतात. फक्त त्यांची तपासणी आज्ञावली चालत असताना, ज्या क्षणी जिन्नस वापरला जातो त्या क्षणी होते. यात सोय मोठी आहे. नवशिक्याला पहिल्याच दिवशी चार ओळी लिहून काहीतरी चालवून पाहता येते. पायथॉन इतकी लोकप्रिय झाली, त्याचे एक कारण हेच होय.

षष्ठी कशासाठी?

अडचण सुरू होते ती डब्यात डबे आले म्हणजे. एकेकट्या संख्येने व्यवहार भागत नाही. वर्गातील साठ विद्यार्थ्यांच्या गुणांची यादी करावी लागते. पायथॉनमध्ये या यादीला लिस्ट म्हणतात. यादी हा एक प्रकार आहे खरा, पण नुसते 'यादी' म्हटल्याने काय कळते? किराणा दुकानात जाऊन आपण 'डबा द्या' म्हणालो, तर दुकानदार विचारणारच, 'कशाचा?' तांदळाचा, डाळीचा, की रॉकेलचा? येथे आपली षष्ठी विभक्ती उपयोगी पडते. चा, ची, चे हे प्रत्यय लागताच डबा तोच राहतो, पण त्याच्याशी कसे वागावे हे ठरून जाते.

संगणकीय भाषांत याच षष्ठीला जेनेरिक प्रकार म्हणतात. 'पूर्णांकांची यादी' हे पायथॉनमध्ये लिस्ट[इंट] असे लिहितात. कंसाबाहेर डबा, कंसात जिन्नस. (मूळ लेखन अर्थातच रोमन लिपीत असते. येथे मी ते देवनागरीत देते आहे.) मराठीत जशी षष्ठीमागून षष्ठी येऊ शकते, तशी येथेही येते. 'विद्यार्थ्यांच्या नावांगणिक त्यांच्या गुणांच्या याद्यांचा कोश' ही लांबलचक रचना पायथॉनमध्ये डिक्ट[स्ट्र, लिस्ट[इंट]] एवढ्यात बसते. डिक्ट म्हणजे कोश, स्ट्र म्हणजे अक्षरमाला.

याचा उपयोग एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गुणांची बेरीज करणारी एक छोटी आज्ञा लिहिली आहे असे समजा. तिला ५६, ७१, ४८ अशी यादी दिली की ती १७५ सांगते. पण चाळिसाव्या क्रमांकाचा विद्यार्थी परीक्षेला आलाच नाही आणि त्याच्या जागी कोणीतरी 'गैरहजर' असे लिहिले. पायथॉन एकोणचाळीस विद्यार्थ्यांची बेरीज बिनबोभाट करील आणि चाळिसाव्यापाशी अडून बसेल. आज्ञावली लिहिणाऱ्याला याचा पत्ता त्या दिवशी लागतो, आणि तो दिवस बहुधा निकालाचा असतो.

आज्ञेच्या दारावरच 'मला पूर्णांकांची यादी हवी' असे लिहिले असते, तर? तर प्रकार तपासणारा एक स्वतंत्र प्रोग्राम ती आज्ञावली न चालविता, नुसती वाचून सांगू शकला असता की, अमुक ओळीत तुम्ही या आज्ञेला अक्षरमाला असलेली यादी देत आहात. पुढे जाऊन 'पूर्णांक किंवा काहीच नाही, अशांची यादी' असेही लिहिता येते. मग तपासनीस आपल्याला बजावतो की, बेरजेपूर्वी 'काहीच नाही' याचे काय करणार ते आधी ठरवा. गैरहजराला शून्य द्यायचे की वगळायचे, हा प्रश्न मुळात धोरणाचा आहे. षष्ठी नीट लिहिली की हा धोरणाचा प्रश्न निकालाच्या दिवसापूर्वी समोर येतो.

'काहीही' आणि 'अमुक'

येथवर गोष्ट सोपी आहे. खरी गंमत पुढे आहे. समजा, यादीतील पहिला घटक काढून देणारी आज्ञा लिहायची आहे. ती पूर्णांकांच्या यादीलाही चालली पाहिजे आणि नावांच्या यादीलाही. तिच्या दारावर काय लिहावे?

एक मार्ग असा की, 'काहीहींची यादी द्या, काहीही मिळेल' असे लिहावे. पायथॉनमध्ये यासाठी एनी हा शब्द आहे. तो लिहिला की तपासनीस गप्प बसतो. पण त्याबरोबर माहितीही हरवते. मी नावांची यादी दिली, तर मला नावच मिळेल हे लहान मुलालाही समजते, पण 'काहीही' या शब्दात ते कोठेच उमटत नाही.

मराठीत यावर तोडगा पूर्वीपासून आहे. तो म्हणजे 'अमुक' हा शब्द. 'अमक्यांची यादी द्या, अमकाच मिळेल.' अमका कोण हे आत्ता ठाऊक नाही, परंतु वाक्याच्या आरंभी जो अमका, तोच शेवटी आहे, हे मात्र पक्के ठाऊक आहे. 'काहीही' विसरते आणि 'अमुक' लक्षात ठेवते, हाच दोहोंतील भेद. संगणकशास्त्रात अमुकाच्या जागी बहुधा टी हे अक्षर वापरतात आणि त्याला प्रकार-चल म्हणतात. दोन निरनिराळे अज्ञात असतील तर आपण जसे अमुक आणि तमुक म्हणतो, तशी तेथे दोन अक्षरे घेतात.

ही कल्पना नवी नाही. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ ख्रिस्टोफर स्ट्रेची यांनी १९६७ साली आपल्या व्याख्यानांत तिला वेगळे नाव देऊन तिची मांडणी केली. पुढे एडिंबरो येथे रॉबिन मिल्नर यांनी एमएल या भाषेत ती प्रत्यक्ष आणली आणि १९७८ साली तिचे गणिती विवेचन प्रसिद्ध केले. त्यांच्या पद्धतीत अमुक कोण हे माणसाने लिहावेही लागत नाही. भाषा स्वतःच संदर्भावरून ते ओळखते. परंतु हे सारे स्थितिक भाषांच्या घराण्यात घडले. गतिक भाषांच्या घरी ही षष्ठी फार उशिरा आली.

अमुकावर अटही घालता येते. यादीतील सर्वांत मोठा घटक शोधायचा असेल, तर कोणताही अमुक चालणार नाही. ज्यांची एकमेकांशी तुलना होऊ शकते असाच अमुक हवा. लग्नाच्या जाहिरातीत जशा अटी असतात तशाच या अटी, फक्त त्या कामापुरत्या असतात एवढाच फरक.

पायथॉनमध्ये षष्ठी कशी आली

पायथॉनचे जनक खिडो व्हान रोसम हे नेदरलँड्सचे. त्यांनी ही भाषा १९९१ साली लोकांपुढे ठेवली. तेव्हा तीत प्रकाराची चिठ्ठी लावण्याची काहीच सोय नव्हती. २००८ च्या डिसेंबरात पायथॉन ३.० आली, तेव्हा आज्ञेच्या दारावर चिठ्ठी डकविण्याची जागा तेवढी झाली. चिठ्ठीत काय लिहावे आणि त्याचा अर्थ काय, हे मुद्दाम ठरविले नव्हते. कोरी पाटी टांगून ठेवावी तसे ते होते.

त्याच सुमारास केंब्रिज विद्यापीठात संशोधन करणारे फिनलंडचे युका लेहतोसालो हे गतिक आणि स्थितिक या दोहोंचा मेळ घालणारी भाषा तयार करीत होते. या मेळाला तत्त्वाची बैठक २००६ साली जेरेमी सीक आणि वालिद ताहा यांच्या निबंधाने मिळाली होती. आज्ञावलीचा काही भाग चिठ्ठ्यांसह आणि काही भाग चिठ्ठ्यांविना असावा, आणि दोन्ही सुखाने एकत्र नांदावेत, अशी ती कल्पना. तिला क्रमिक प्रकारपद्धती म्हणता येईल. लेहतोसालो यांच्या प्रकल्पाचे नाव मायपाय. २०१३ साली त्यांची व्हान रोसम यांच्याशी गाठ पडली. वेगळी भाषा करण्यापेक्षा पायथॉनमधल्या त्या कोऱ्या पाटीवरच लिहावे, असे व्हान रोसम यांनी सुचविले आणि मायपाय पायथॉनचा तपासनीस झाला.

२०१४ साली या दोघांनी वुकाश लांगा यांच्यासह चिठ्ठ्यांचे नियम लिहून काढले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये पायथॉन ३.५ बरोबर ते अमलात आले. मात्र त्यांनी एक गोष्ट निक्षून सांगितली. पायथॉन गतिकच राहील आणि चिठ्ठ्या लावण्याची सक्ती कधीही होणार नाही.

आरंभी ही षष्ठी जरा अवघडलेली होती. भाषेतील मूळ यादी वेगळी आणि चिठ्ठीवर लिहायची यादी वेगळी, तिचे पहिले अक्षर मोठे आणि ती दुसऱ्या संग्रहातून मागवावी लागे. बोलीत एक शब्द आणि अर्जात दुसरा, असा तो प्रकार. ऑक्टोबर २०२० मधील पायथॉन ३.९ ने हा दुजाभाव मिटविला आणि साध्या यादीलाच षष्ठी लागू लागली. अमुकासाठीही पूर्वी आधी एक स्वतंत्र ओळ लिहून 'टी म्हणजे अमुक' असे जाहीर करावे लागे. ऑक्टोबर २०२३ मधील पायथॉन ३.१२ पासून आज्ञेच्या नावापुढच्या चौकोनी कंसातच अमुकाचे नाव लिहिले की काम भागते. एका विभक्तीला भाषेत नीट रुळायला आठ वर्षे लागली, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

आणि याचा उपयोग केवळ पंडितांपुरता राहिला नाही. ड्रॉपबॉक्स या कंपनीने २०१९ साली जाहीर केले की, आपल्या पायथॉन आज्ञावलीच्या चाळीस लाख ओळी आता तपासनिसाच्या नजरेखाली आल्या आहेत.

चिठ्ठी यंत्र वाचत नाही

आता या विषयातील सर्वांत चमत्कारिक गोष्ट सांगते. पायथॉनच्या आज्ञावलीत 'पूर्णांकांची यादी' अशी चिठ्ठी लावली आणि आत खुशाल 'गैरहजर' घातले, तर आज्ञावली चालताना पायथॉन हूं की चूं करीत नाही. ती चिठ्ठी बाजूला जपून ठेवते, पण तिच्याशी आतला माल ताडून पाहत नाही. एखादी वस्तू यादी आहे का, असे चालू आज्ञावलीत विचारता येते. परंतु ती पूर्णांकांची यादी आहे का, असे त्याच पद्धतीने विचारले, तर पायथॉन उत्तर नाकारून तो प्रश्नच चुकीचा ठरविते.

असे का? कारण यादीत दहा लाख घटक असले, तर यादी एका आज्ञेकडून दुसरीकडे जाताना दर वेळी दहा लाख घटक उघडून पाहावे लागतील. शिवाय आज तपासलेल्या यादीत उद्या कोणी वेगळेच काही घालील. म्हणजे प्रत्येक डब्यापाशी कायमचा पहारेकरी बसवावा लागेल. टाइप्ड रॅकेट या भाषेत असा चोख पहारा बसविण्याचा प्रयत्न झालेला आहे. तिच्यावरील २०१६ सालच्या एका अभ्यासात असे आढळले की, चिठ्ठीवाला आणि बिनचिठ्ठीचा भाग एकमेकांत मिसळला की काही आज्ञावल्या अनेक पटींनी मंदावतात.

इतर भाषांनी आपापले मार्ग काढले. मायक्रोसॉफ्टने २०१२ साली टाइपस्क्रिप्ट आणली. तीत षष्ठी आणि अमुक सारे काही लिहिता येते, पण तपासणी झाली की चिठ्ठ्या खरवडून टाकून उरते ती साधी जावास्क्रिप्ट. रुबीने २०२० च्या डिसेंबरात, ३.० या आवृत्तीत, चिठ्ठ्यांसाठी निराळी वहीच ठेवली. मूळ आज्ञावलीला हात लावायचा नाही, प्रकार शेजारच्या फायलीत लिहायचे. २०१२ साली जाहीर झालेली ज्युलिया ही भाषा मात्र गतिक असूनही वेगळ्या वाटेने गेली. तीत पूर्णांकांची यादी ही खरोखरच पूर्णांकांची असते. तीत अक्षरमाला घालू गेल्यास ती त्याच क्षणी नाकारली जाते. गणिती कामात वेग हवा, आणि आतला प्रत्येक जिन्नस एकाच मापाचा आहे हे ठाऊक असले म्हणजे तो स्मृतीत दाटीने रचता येतो, हा त्यामागील हेतू आहे. तेव्हा गतिक भाषेत षष्ठीचा पहारा अशक्य आहे असे नाही. कोणाला त्याची किंमत परवडते, एवढाच प्रश्न आहे.

पायथॉनमधील चिठ्ठी याप्रमाणे माणसाने माणसाला आणि तपासनिसाला लिहिलेली असते. यातून एक धोका संभवतो. साखरेच्या डब्यात मीठ भरले आणि वरची चिठ्ठी तशीच राहिली, तर बिनचिठ्ठीचा डबा परवडला. म्हणून चिठ्ठ्या लावायच्या असतील तर तपासनीस नियमाने चालविला पाहिजे. आणि तपासनीसही आज्ञावली वाचतो, बाहेरून येणारी माहिती वाचत नाही. गुणांची फाईल बाहेरून आली, तर तीत काय आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. तेथे दारातच एक-एक घटक तपासून घेणारी आज्ञा स्वतः लिहावी लागते. एकदा दारात तपासले की आत चिठ्ठीवर विसंबता येते.

आंब्यांचा डबा फळांचा डबा नव्हे

या षष्ठीत एक पेच असा आहे की, तो प्रथम ऐकणाऱ्याला तर्कदुष्ट वाटतो. आंबा हे फळ आहे. मग आंब्यांचा डबा हा फळांचा डबा आहे ना? पायथॉनचा तपासनीस म्हणतो, नाही.

विचार करून पाहावा. घरी आंब्यांचा डबा आहे. तो आपण शेजारणीला 'फळांचा डबा' म्हणून दिला. तिने त्यात दोन पेरू टाकले. फळांच्या डब्यात पेरू घालणे यात तिचे काय चुकले? पण डबा घरी परत येतो तेव्हा आपण त्याला आंब्यांचाच समजत असतो आणि आमरसासाठी हात घालतो तो पेरू निघतो. कोणीच खोटे बोललेले नसताना चिठ्ठी खोटी झाली. म्हणून ज्या डब्यात घालता-काढता येते, त्याच्या बाबतीत ही मोकळीक नाही.

उलट, डबा नुसता पाहण्यापुरता दिला, जणू त्याचे झाकण काचेचे आणि बंद आहे, तर मात्र आंब्यांचा डबा फळांचा म्हणून खुशाल दाखवावा. पायथॉनमध्ये यासाठी सीक्वेन्स असा वेगळा प्रकार लिहितात. त्याचा अर्थ 'मी यातून वाचीन, यात काही घालणार नाही.' आपल्याला यादी बदलायची नसेल, तर दारावर तसे लिहावे. म्हणजे देणाऱ्याला अधिक मोकळेपणाने देता येते. आपण स्वतःवर बंधन घातले की दुसऱ्याचे स्वातंत्र्य वाढते, हा व्यवहारातला नियम येथे व्याकरणातच बसविलेला आहे.

हे कोणासाठी?

चिठ्ठ्यांना विरोध करणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. ते म्हणतात, जे बदकासारखे चालते आणि बदकासारखे ओरडते त्याला बदक समजावे, त्याचा दाखला मागू नये. गतिक भाषेचे सौंदर्य या विश्वासात आहे. (२०१९ सालच्या पायथॉन ३.८ मध्ये हा विश्वासही चिठ्ठीवर लिहिता येऊ लागला. 'ज्याला चालता आणि ओरडता येते असा कोणीही' असे म्हणण्याची सोय झाली.) दुसरे, षष्ठ्यांची माळ फार लांबली की चिठ्ठीच वाचवेनाशी होते. कंसात कंस पाहून नवशिक्याने घाबरून पळ काढावा, अशी काही दारे मी स्वतः पाहिली आहेत. हे आक्षेप खरे आहेत.

तरीही माझा कौल चिठ्ठीच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण संगणकाबाहेरचे आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. बारावीनंतर एका कचेरीत अर्ज घेऊन गेले, तेव्हा सोबतच्या कागदांच्या यादीत एका ओळीवर नुसते 'प्रमाणपत्र' असे छापलेले होते. कशाचे, ते नव्हते. रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुलीने न विचारता योग्य तो कागद काढून दिला. तिची मोठी बहीण दोन वर्षांपूर्वी याच खिडकीतून गेली होती. माझ्या वडिलांना मात्र गावी परत जाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीने यावे लागले. दोन दिवसांची मजुरी बुडाली. ज्याने तो अर्ज तयार केला, त्याच्या मनात दुष्टावा नसणार. त्याला वाटले असेल, हे तर सर्वांनाच ठाऊक असते. एका षष्ठीची किंमत काय असते, ती मला तेथे कळली.

'सर्वांना ठाऊक असते' यातले सर्व म्हणजे ज्यांच्या घरात आधी कोणी जाऊन आलेले आहे ते. बिनचिठ्ठीची आज्ञावली अशाच लोकांसाठी सोयीची असते. ती लिहिणाऱ्याला, त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या मित्राला, कोणता डबा कशाचा हे तोंडपाठ असते. त्यांना चिठ्ठी म्हणजे हातांना नसता व्याप. पण सहा महिन्यांनी जो नवा माणूस येईल, ज्याच्या ओळखीचे तेथे कोणी नाही, त्याने कोणाला विचारावे? त्याला नुसते 'यादी' असे दिसते. ती गुणांची, नावांची की पैशांची, हे तो आत शिरल्याशिवाय कळत नाही, आणि आत शिरायचे कसे तेच तर त्याला हवे असते. तोंडी परंपरा ही घरातल्यांची मिरास असते, लेखी शब्द मात्र परक्यालाही वाचता येतो. शिक्षणाच्या बाबतीत हे आपण केव्हाच मान्य केले आहे. आज्ञावलीच्या बाबतीत ते मान्य करायला अडचण नसावी.

याचा अर्थ प्रत्येक डब्यावर चिठ्ठी हवी असा नाही. घरातल्या घरात, चार ओळींपुरत्या वापरात असलेल्या चलावर प्रकार लिहीत बसणे हा व्यर्थ खटाटोप होय. तेथे गतिक भाषेने दिलेली मोकळीक खुशाल भोगावी. पण जेथे परका माणूस येऊन उभा राहणार आहे, म्हणजे जी आज्ञा दुसऱ्याने वापरावी म्हणून आपण बाहेर ठेवतो, तिच्या दारावर मात्र काय द्यायचे आणि काय मिळेल हे षष्ठीसकट लिहिलेले असावे. क्रमिक पद्धती आपल्याला नेमकी हीच मुभा देते. आणि 'काहीही' असे लिहून मोकळे होण्यापूर्वी 'अमुक' लिहून भागते का, ते एकदा पाहावे. 'काहीही' म्हणणारा आपली जबाबदारी झटकतो. 'अमुक' म्हणणारा, समोरचा कोण हे ठाऊक नसतानाही, त्याने जे आणले तेच त्याला परत देण्याचा शब्द देतो.

कलाशाखेतील माझ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगावेसे वाटते की, संगणकाच्या भाषेला आपण बिचकण्याचे कारण नाही. तिच्यातले निम्मे वाद आपल्या व्याकरणाच्या तासाला होऊन गेलेले आहेत. आणि ज्या दिवशी आपण दुसऱ्यासाठी काही लिहू, मग ती आज्ञावली असो, अर्ज असो की ग्रंथालयाच्या दारावरची सूचना असो, त्या दिवशी 'कशाचे?' हा प्रश्न विचारायला ज्याच्याजवळ कोणी नाही, तो वाचक डोळ्यांपुढे ठेवावा.